उष्टी हळद

नवरीला हळद लावून होताच आत्या वाटी घेऊन थेट वैजूकडे वळली. “धाकटी बोहल्यावर चढतेय. नवरीची उष्टी हळद लागली की तुझंही जमेल. कर तोंड पुढे.”

वैजूने मान मागे घेतली. गालांवरच्या मुरुमांच्या खड्ड्यांसाठी सोमवारी लेसर ठरलं होतं, आणि तोवर चेहऱ्याला काही लावायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. “चेहऱ्याला नको, आत्या.”

“अगं, त्या चेहऱ्यात जपण्यासारखं आहे तरी काय?” आत्याने हळदीची बोटं पुढे केलीच.

ती मध्येच अडली. आईने आत्याचं मनगट धरलं होतं. चंदन, लिंबू, डाळीचं पीठ, जो जे सांगेल ते आजवर आईनेच त्या गालांवर चोळलं होतं. लेसरचं ऐकल्यापासून तर तिने लेकीशी अबोला धरला होता.

“वन्सं, ती नको म्हणतेय ना.”

वैजूने साडी घोट्यांवर उचलली. “पायांना लावा. सोमवारी तेच नेणार आहेत मला.”

वाटी घेऊन आई खाली बसली आणि लेकीच्या पावलांना हळद लावता लावता म्हणाली, “किती वाजता निघायचं?”