टोपीखालचं एक मिनिट

अर्धशिशीची रजा हवी असेल, तर अधिकाऱ्याने वेदना-टोपी घालून अर्जदाराचं दुखणं मिनिटभर स्वतः सोसून बघायचं, असा नियम होता. गुंजीकर साहेब तेही काम शिपायाकडूनच करून घेत.

रजेचा अर्ज घेऊन आलेल्या हेमांगीच्या डोळ्यांपुढे सकाळपासून वेड्यावाकड्या रेघा चमकत होत्या. मेंदूच्या मागच्या बाजूने उठलेली विजेची लाट हळूहळू पुढे सरकत होती आणि कपाळाची शीर ठणकत होती.

"बायकांची नाटकं!" चहा भुरकत साहेब म्हणाले. "केरबा, घाल रे टोपी."

केरबा अर्धं मिनिटही टिकला नाही. भिंत धरून खाली बसला आणि भडाभडा ओकला. टोपी काढली तरी ठणका उतरेना. "बाई, तेवढा दिवा बंद करा," तो कण्हला.

"हाही नाटकी निघाला!"

तशा दुखण्यातही हेमांगीला या माणसाची किळस आली. तिने केरबाच्याही रजेचा अर्ज लिहिला आणि टोपी साहेबांपुढे ठेवली.

"दुसरा शिपाई नाही, साहेब. नाटकच आहे ना? मग घाला की!"

साहेबांनी दोन्ही अर्जांवर न वाचताच सह्या ठोकल्या. मग पट्टीच्या टोकाने टोपी लांब ढकलली.