किल्लेदाराची अंघोळ

किल्लेदाराने राजकन्येला तिसऱ्यांदा पकडलं, तेव्हा बाबांनी फासे बाजूला सारले.

“आम्ही नाही चुकलो,” ते म्हणाले. “ही मोहीमच चुकलीय.”

“माझा चोर दोनदा खंदकात बुडाला,” आत्या म्हणाली. “पोहता न येणारा चोर मलाच बरा मिळाला.”

ठकी वहीत लिहीत राहिली. लहानपणी ती प्रत्येक खेळात फसवायची, म्हणून आत्या तिला ठकी म्हणू लागली आणि तेच नाव चिकटलं. आता ती सव्वीस वर्षांची होती. दिवसा छापखान्यात नकाशे काढायची आणि घरी आली की फाशांच्या खेळासाठी मोहिमा लिहायची. ती गोष्ट सांगणार, खेळणारे आपण काय करतो ते सांगणार, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. या मोहिमेत राजकन्येने किल्लेदाराच्या पेटीतून आपला परवाना काढून वेशीबाहेर पडायचं होतं.

“सोमवारी खेळांच्या कंपनीला द्यायचीय,” ती म्हणाली. “काय चुकलंय ते नीट सांगा.”

बाबांनी तीस वर्षं एका मोठ्या गोदामाची राखण केली होती. कड्याकुलपांचे स्वभाव त्यांना माणसांच्या स्वभावापेक्षा जास्त कळायचे. त्यांनी नकाशा पुढे ओढला.

“बाहेर पडायला तू एकच वाट ठेवलीस, हे भुयार. ते फसलं की खेळ खलास. मग आम्हाला कशाला बसवतेस, तूच वाचून दाखव की. आणि हा तुझा किल्लेदार बघ. दिवसभर दारात खांबासारखा उभा. तो जेवत नाही? अंघोळ करत नाही?”

“करत असेल.”

“असेल म्हणून कसं चालेल? लिहून काढ. खेळणारा कधी काय विचारेल याचा नेम नसतो.”

ठकीने दोन दिवस वहीत डोकं खुपसलं. गुरुवारी संध्याकाळी तिघं पुन्हा बसली, तेव्हा किल्लेदाराचा अख्खा दिवस लिहून तयार होता. तो कधी उठतो, झाडांना पाणी कधी घालतो, कुठल्या पायरीवर त्याचा गुडघा दुखतो. सातला तो अंघोळीला जातो तेव्हा किल्ल्या खुंटीला अडकवतो आणि मोठमोठ्याने गाणी म्हणतो, हे ऐकून आत्याला खोकला आला.

“पाणी पी,” बाबा तिला म्हणाले. मग ठकीकडे वळले. “याला हवंय तरी काय? तिला कोंडून याचा फायदा काय?”

“फायदा काही नाही. बाहेर तिचं वाईट होईल अशी त्याला भीती वाटते.”

बाबा थोडा वेळ फासा बोटांत फिरवत राहिले.

“मग अवघड आहे. दुष्ट माणूस कधीतरी झोपतो. काळजीवाल्याला झोप नसते.”

“म्हणजे ती सुटणारच नाही?”

“असं कुठे म्हटलं मी? रात्रीचा नाद सोडा. रात्री जरा कडी वाजली तरी कान टवकारतात. सकाळी घरभर भांडी वाजत असतात, तेव्हा कोण ऐकतंय? तो अंघोळीला गेला की किल्ली घ्यायची, परवाना काढायचा, किल्ली परत खुंटीला लावायची आणि मागच्या दाराने चालत निघायचं. धावायचं नाही. धावणाऱ्याकडे लोक बघतात.”

आत्याने फासा टाकला. सतरा पडले. राजकन्या वेशीबाहेर पडली.

“पुढे?” बाबांनी विचारलं.

“पुढे काही नाही. मोहीम संपली.”

“संपली कशी? वेशीबाहेर कोरा कागद? ती जाते कुठे, कशाने, राहते कोणाकडे? ते लिहिलेलं नसेल तर मी तिला बाहेर काढणार नाही. फासा काही का पडेना.”

ठकीने वही मिटली. मग तिने सांगितलं. नऊ वाजता धक्क्यावरून बोट सुटते. खाडीपलीकडच्या शहरात मोहिमा लिहिणाऱ्यांचं दुकान आहे. तिथली मालकीण तिला काम देणार आहे, आणि दुकानाच्या वर राहायला खोलीही.

“बाई कशी आहे?”

“पत्रांवरून तरी चांगली वाटते.”

“पत्रं येतात होय.”

“मोहिमेत, बाबा.”

“मी मोहिमेतलंच विचारतोय.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आता झाली मोहीम. दे पाठवून.”

सोमवारी सात वाजता बाबा अंघोळीला गेले. न्हाणीघरातून गाणं ऐकू येऊ लागलं, तशी ठकीने खुंटीवरची किल्ली काढली.

कंपनीला पाठवायचं काहीच नव्हतं. खाडीपलीकडच्या त्या कंपनीने चार महिन्यांपूर्वीच तिला नोकरी देऊ केली होती. बाबा म्हणाले होते, “मी असेपर्यंत नाही.” त्याच दिवशी त्यांनी तिची प्रमाणपत्रं आणि ओळखपत्र आपल्या कपाटात ठेवून दिली होती. तिने आधी विनवण्या केल्या, मग अबोला धरला, मग वही उघडली.

तिने कपाट उघडलं. कागद पिशवीत घातले, किल्ली जागेवर लावली. स्वयंपाकघरात आत्या दाराकडे पाठ करून भांडी विसळत होती, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वाजवत होती. ठकी मागच्या दाराने बाहेर पडली. गल्लीच्या टोकापर्यंत तिला धावावंसं वाटत होतं. ती चालत गेली.

न्हाणीघरातलं गाणं आठवून तिचे डोळे भरून येत होते. सगळी वाट त्या माणसाकडूनच काढून घेतली होती आणि त्याला पत्ताही लागू दिला नव्हता. पोचल्यावर पत्र लिहायचं, माफी मागायची, असं तिने ठरवलं. परत फिरायचं मात्र नाही.

धक्क्यावरच्या खिडकीत तिने पिशवीतून पैसे काढले आणि नाव सांगितलं. कारकुनाने वहीत बोट फिरवलं.

“पैसे राहू द्या. तुमचं तिकीट शुक्रवारीच काढलंय,” तो म्हणाला. “एक म्हातारे गृहस्थ आले होते. मुलगी पहिल्यांदाच एकटी निघालीय, तिला खिडकीजवळचीच जागा द्या म्हणून अर्धा तास भांडत होते.”