मागची हवा

एअरलाइनची नोकरी नाकारून पोरानं मालवाहू विमान धरलं, तेव्हा मित्रांनी ट्रकवाला म्हणून चिडवलं. आईनं मात्र देवाला हात जोडले. इतक्या जिवांचा भार तरी टळला. आज मालात सहा घोडे होते आणि त्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार वैमानिकांच्या मागे बसला होता. समुद्रावर असताना मालाला आग लागली. कॅप्टन म्हणाले, “मागची हवा बाहेर सोड. हवेवाचून आग विझेल.” “घोडेही विझतील, सर.” “नाहीतर आपण तिघंही.” पोराचा हात बटणावर थिजला. मोतद्दार म्हणाला, “दाब, बाळा. मी त्यांच्याशी बोलतो.” पोरानं बटण दाबलं. म्हातारा बंद दाराला गाल टेकून एकेकाला हाका मारू लागला. पलीकडे खूर आपटले, मग मंदावले. दाराच्या फटीतून इकडचीही हवा मागे ओढली जात होती; विरळ हवेत म्हाताऱ्यालाही धाप लागली. पोरानं प्राणवायूचा मुखवटा त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो दाराच्या फटीला लावून धरला.