पहिल्या पानावरचा फोटो

दैनिक ‘खाडीकाठ’च्या पहिल्या पानावर सलग एकोणीस दिवस एकच बातमी होती : ‘भोईआळीत पाणी नाही’. अंक आता नव्या शाईत छापला जाई; गावातल्या नळांतल्या आणि दिव्यांतल्या सेन्सरशी जोडलेली ही शाई काम झाल्याशिवाय पुसलीच जात नसे. नगरसेवक खानोलकरांचा उद्या वाढदिवस, आणि पहिल्या पानावर त्यांच्या फोटोला जागा नव्हती. शेवटी ते स्वतःच प्लंबरसोबत भोईआळीतल्या पाइपलाइनच्या खड्ड्यात उतरले.

दुपारी नळाला पाणी आलं. बायका हसत एकमेकींना भिजवू लागल्या. संपादक शर्वरी दळवींच्या हातातल्या अंकावरची बातमी विरून गेली.

“आता लावा माझा फोटो!” चिखलाने माखलेले खानोलकर म्हणाले.

तेवढ्यात आतल्या पानावरची बातमी कोऱ्या जागेवर सरकली : ‘शाळेजवळचे दिवे बंद’.

खानोलकरांनी कपाळावरचा चिखल पुसला. “उद्यापर्यंत वेळ आहे. शिडी आणा!”