मागं न बघता

कंग्राळीच्या नव्या स्मशानातलं पहिलंच रक्षाविसर्जन उरकलं आणि मंडळी परत निघाली, तेव्हा धुकं अजून जमिनीवर मांडी घालून बसलं होतं.

आत यायची वाट सरळ होती. बाहेर जायची मात्र आरोहीनं गोल आखली होती. गावचीच पोर, बंगळूरला आर्किटेक्ट झालेली. माणसांनी दुःख टाकून घाईनं पळू नये, जरा रेंगाळावं, म्हणून वाट बकुळीच्या रोपांतून दहनाच्या चौथऱ्याला पुरा वळसा घालत होती. स्मशान कमिटीनं नकाशा एकमतानं मंजूर केला होता. रंगीत होता.

पहिल्या वळणावर पुढचा माणूस थबकला. मागचे त्याच्यावर आदळले. ज्याच्याकडं पाठ करून सगळे निघाले होते, तो चौथरा धुक्यातून तरंगत समोर येऊन उभा होता.

"थांबा!" कमिटीचे अध्यक्ष आण्णाप्पा ओरडले. "हितनं निघाल्यावर मागं वळून बघायचं न्हाय, म्हाईत हाय न्हवं? बघणाऱ्याच्या मागनं गेलेला माणूस घरला येतोय."

"वळलंय कोण, आण्णा?" आरोही म्हणाली. "आपण सगळे पुढंच बघतोय की."

यावर आण्णाप्पांनी आकाशाकडं पाहिलं. तिकडंही धुकंच होतं.

"उद्या जेसीबी लावून वाट सरळ करतो," ते म्हणाले. "आज समद्यांनी डोळं मिटा. फुडच्याच्या खांद्यावर हात ठेवा आनि चला."

"आनि सगळ्यांच्या फुडं कोण?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मंडळींना एकदम खोकला आला.

"मी हुते फुडं," राजाबाई म्हणाली. गेलेला जोतिबा तिचाच नवरा. "माझ्या मागनं आला तर आला. त्येचंच घर हाय."

याला कुणाची हरकत निघाली नाही. आण्णाप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या खांद्यावर दुसऱ्यानं. टोप्या, टॉवेल, नऊवारी पदर अशी लांबलचक रांग डोळे मिटून चालू लागली. शेवटी आरोही.

परवा दहनाच्या वेळी बायकांना फाटकाबाहेरच थांबवलं होतं. राजाबाईला नुसता धूर दिसला होता, तोही वाऱ्यानं दुसरीकडं नेलेला. आता तिनं डोळे मोठे केले. चौथरा धुतलेला होता, ओला, एका माणसाच्या लांबीचा. ती चालत होती आणि तो हळूहळू फिरत होता. आधी पायाच्या बाजूनं, मग कुशीच्या, मग उशाच्या. मागं बघायची वेळच आली नाही. सगळं पुढंच होतं.

वळसा संपला. तिथं फाटक होतं, आणि फाटकाच्या अलीकडं वाट पुन्हा स्वतःलाच येऊन मिळत होती. राजाबाई क्षणभर थांबली. मग फाटक उजव्या हाताला सोडून ती परत बकुळीकडं वळली. रांगही वळली.

शेवटून आरोहीनं एक डोळा किलकिला केला. फाटक मागं जाताना तिला दिसलं. तिनं डोळा पुन्हा मिटून घेतला.

"आक्का," आण्णाप्पांनी विचारलं, "लई लांब वाट हाय की गं. फाटक आलं न्हाय व्हय अजून?"

"डोळं उघडू नगासा," राजाबाई म्हणाली. "त्यो अजून दिसतोय."