पिंपळडोहची विहीर

परवान्यावरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळत होतं, तरी यमुताईंनी ते दोनदा वाचलं. वसंत देशकर, राहणार हुडकेश्वर, वय एकसष्ट. अख्खी जिप्सी एकट्यानं घेतलेली.

कॅमेरा नाही, दुर्बीण नाही. एक कापडी पिशवी मात्र होती, आणि ती पायाशी ठेवताना आत लोखंड वाजलं.

"मोबाइल फाटकावर जमा करा, साहेब. आत गेल्यावर गाडीतून खाली उतरायचं नाही," यमुताईंनी बजावलं. उद्यानात गाईड म्हणून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. खाली उतरला म्हणून एका बड्या माणसाच्या जावयालाही त्यांनी अर्ध्या फेरीतून परत आणलं होतं.

जितेंद्रनं जिप्सी आत घातली. चितळांचा कळप आडवा गेला, पण देशकरांनी तिकडे पाहिलंही नाही.

"इथं पिंपळडोह नावाचं गाव होतं ना?"

"होतं. उद्यान झालं अन् गाव उठलं. सव्वीस वर्षं झाली. मी तिथलीच."

"मग गावची विहीर कुठं होती, ते तुम्हाला ठाऊक असेल."

यमुताईंच्या अंगावर काटा आला. वाघाचं सोडून विहिरीचं विचारणारा पर्यटक त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मागच्याच महिन्यात एका पाणवठ्याजवळ तारेचे फास सापडले होते. शिकाऱ्यांची माणसं आधी पाण्याची जागाच हेरतात.

"काहून विचारून राहिले?"

"सहज."

"पिशवीत काय आहे? दाखवा."

देशकर घुटमळले. मग त्यांनी पिशवी उघडली. आत दोराचं वेटोळं होतं आणि टोकाला लोखंडी वजन.

"जितेंद्र, गाडी फिरव. फाटकावर चल."

"थांबा, थांबा!" देशकरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर वनखात्याचा शिक्का होता. देशकर भूजलाच्या कामातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. उठलेल्या गावांच्या विहिरी उन्हाळ्याआधी उपसून जनावरांसाठी पाणी करायचं होतं. खाली उतरून खोली मोजायची त्यांना परवानगी होती.

"मागच्या ठिकाणी बातमी फुटली आणि उपशाच्या ठेक्यासाठी लोक घरापर्यंत आले," ते ओशाळून म्हणाले. "म्हणून गुपचूप आलो."

जितेंद्र मोकळेपणानं हसला. यमुताई हसल्या नाहीत. त्यांनी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"कागद बरोबर आहे. पण तिकडे जाता नाही येत. विहिरीपाशी वाघीण व्याली आहे. तीन पिल्लं. काल पाहिली मी."

"तशी नोंद कुठं दिसली नाही."

"आज करतो ना. पिल्लं असली का रस्ता बंद, नियमच आहे."

जितेंद्रनं वळून पाहिलं. "काल तर मीच होतो तुमच्यासंग, यमुताई. मले नाही दिसली."

"तू समोर पाहून राहिला होता गा. गाडी चालवणाऱ्याले काय दिसते?"

देशकरांनी पिशवी बंद केली. "राहू द्या. लेकुरवाळीला कशाला त्रास? दुसऱ्या विहिरी आहेत. ही यादीतून काढून टाकतो."

फाटकावर यमुताईंनी नोंदवहीत वाघीण आणि तीन पिल्लं लिहिली, सही केली. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, मोडून तशीच जुळलेली.

"हाताला काय झालं?" देशकरांनी विचारलं.

"जुनं आहे ते."

"आणि यजमान काय करतात?"

"खापरखेड्याले गेले, पावर हाऊसात कामाले. गाव उठायच्या आठ दिवस आधी. परत नाही आले."

"शोध नाही घेतला?"

"लय घेतला. पोलिसांनीही."

देशकर हळहळले, नमस्कार करून निघाले. त्यांची गाडी नागपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत यमुताई फाटकात उभ्या होत्या.

विहिरीपाशी वाघीण नव्हती, पिल्लंही नव्हती. तळाशी फक्त त्यांचा नवरा होता, आणि त्याला तिथं यमुताईंनीच ढकललं होतं.