उरलेलं पाणी

लाडोबाची नळी लाल झाली.

तिने ती उजेडाकडे धरली. वरचा थर डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसत होता. शेजारच्या टेबलावरची सहकारी थट्टेत म्हणाली, की लाडोबाला सावत्र आईच्या हवाली केलंस वाटतं, आणि लगेच तिने जीभ चावली. आईला जाऊन पाचच महिने झाले होते.

लाडोबा म्हणजे आईबाबांच्या खिडकीतलं कुंडीतलं लिंबाचं झाड. प्रयोगशाळेत काम चाले ते पाणी तोडलेल्या रोपांवर. पाणी मिळेनासं झालं की रोप कोमेजण्याआधीच पानांत प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल साठवू लागतं. आहे तेवढं पाणी धरून ठेवायची ती त्याची धडपड. पान वाटून, रसायन घालून तासभर उकळलं, की जितकी तहान तितका लाल रंग चढतो. तुलनेसाठी एक सुखात वाढलेलं झाड हवं, म्हणून दर महिन्याला ती लिंबाची चार पानं आणत असे. दोन वर्षांत त्याची नळी कधी धड गुलाबीही झाली नव्हती. आई गेल्यावरही नाही.

या महिन्याची पानं मात्र वेगळ्या कारणाने आणली होती. दादाचं म्हणणं, बाबा विसरायला लागलेत, त्यांना आता एकटं ठेवायचं नाही. त्याने आपल्याकडची खोली रंगवून तयार ठेवली होती. या महिन्याअखेर घराला कुलूप लागणार होतं. फोनवर भांडून दमल्यावर ती म्हणाली होती, की बाबा लिंबाला रोज न चुकता पाणी घालतात, ते तर विसरले नाहीत ना? नळीच दाखवते तुला. दादा हसला होता. बरं, म्हणाला, नळी म्हणेल तसं.

तिने पुन्हा पानं वाटली. पुन्हा लाल.

दुपारी ती घरी गेली. बाबा खिडकीशी बसले होते. सदऱ्याची बटणं नीट लावलेली, भांडी पालथी घातलेली, वर्तमानपत्रांची चळत तारखेनुसार. सगळं जिथल्या तिथं. लिंबाची पानं हिरवी होती, पण अर्धवट मिटलेल्या मुठीसारखी आत वळलेली. तिने कुंडी उचलून पाहिली. कापसासारखी हलकी.

पाणी घालता ना, असं तिने विचारलं. रोज सकाळी, बाबा म्हणाले, तुझ्या आईने सांगितलंय अगदी तसंच.

"काय सांगितलंय आईने?"

बाबांनी पलंगाकडे बोट दाखवलं. आईच्या बाजूला, उशाशी, काचेचा पेला होता. वर बशी. रात्री घसा कोरडा पडला तर म्हणून आई तो भरून ठेवायची आणि सकाळी उरलेलं पाणी लिंबाला घालायची. झाडाला वेगळं पाणी द्यायचं नाही, मुळं कुजतात, हा तिचा नियम. ती गेल्यावर बाबांनी पेला पुन्हा उशाशी आणला. रोज संध्याकाळी सहाला भरायचा, सकाळी तसाच्या तसा लिंबाला द्यायचा.

पुन्हा आणला, कारण आईच्या आजारपणात तो तिनेच उचलून ठेवला होता. आईचं हृदय थकलं होतं. पाणी मोजून द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मोजणं हे तिचंच काम. तिने प्रयोगशाळेतलं मोजपात्र घरी आणलं. दुपार टळायच्या आत आई घोटभर पाण्यासाठी तिच्या तोंडाकडे बघू लागे. आजचं संपलं, आई, असं ती म्हणे. मग आईच्या देखत लिंबाला पाणी घाली.

"मग झाड कोरडं कसं, बाबा?"

ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"उरायला तर हवं," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले, सकाळी पेला रिकामाच असतो. बशी असते वर, जशीच्या तशी."

तुम्हीच झोपेत पीत असाल, असं ती चाचरत म्हणाली. बाबांना ते लागलं. त्यांनी आपल्या उशाशी असलेली बाटली उचलून दाखवली. चाळीस वर्षांत तिच्या पेल्याला आपण तोंड लावलं नाही, आता कशाला लावू, म्हणाले. मग आवाज उतरवून, पलंगाकडे न बघता, ते बोलले.

"तुला सांगणार नव्हतो. तू तिला रागावशील म्हणून."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तेवढ्यात फोन वाजला. दादा. काय म्हणते तुझी नळी, त्याने विचारलं.

"बाबा काहीही विसरलेले नाहीत," ती म्हणाली. "ते इथेच राहतील."

तिने लिंबाला नळाचं पाणी घातलं, कुंडीच्या बुडातून थेंब गळेपर्यंत. सहा वाजता बाबा उठले. तिने त्यांच्या हातातला पेला अलगद काढून घेतला, आणि स्वयंपाकघरातला मोठा जग काठोकाठ भरून आईच्या उशाशी ठेवला.